एका बंदुकीचा खटला



या व्यासपीठावर वेदान्तावर बोलणारे येतात, नाटकावर बोलणारे येतात, इतिहासावर बोलणारे येतात. चालकांनी यंदा आमच्यासारख्या, कामगारांच्या दारोदार हिंडणाऱ्या माणसाला बोलावले, याला धाडसच म्हटले पाहिजे. आमचे शालेय शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकावर झाले आणि उरलेले कोर्टात. कोर्टात आम्ही बहुतेक वेळा आरोपी म्हणूनच गेलो. कधी जमावबंदी मोडली म्हणून, कधी रस्ता अडवला म्हणून. त्यामुळे फौजदारी कायदा आम्हाला खालच्या बाजूने ठाऊक आहे. छप्पर कुठे गळते ते जसे त्याखाली झोपणाऱ्याला ठाऊक असते, तसे.

चालकांची अपेक्षा अशी असावी की आम्ही किमान वेतनावर बोलू. तो विषय आम्ही रोजच बोलतो, आणि ऐकणारे रोज जांभया देतात. आज एका चोरीला गेलेल्या बंदुकीची हकीकत सांगणार आहोत. ती आमच्या डोळ्यांसमोर घडली. तिच्यात आम्हाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले, आणि तेही आमच्याच संघटनेच्या एका सभासदाविरुद्ध. माणसांची नावे घेणार नाही. त्यांतली काही अजून याच जिल्ह्यात, याच बाजारात भाजी घेतात.

आधी बंदुकीचा मालक कोण ते सांगतो. दारव्हा तालुक्यातला हा गृहस्थ लष्करातून शिपाई म्हणून निवृत्त झाला. जमीन थोडी, तीही कोरडवाहू. निवृत्तीच्या पैशातून त्याने बारा बोअरची दुनळी बंदूक घेतली, रीतसर परवाना काढला आणि यवतमाळला खोली करून एका ठेकेदार एजन्सीमार्फत रखवालदारीला लागला. अशा माणसाला आपल्याकडे ‘गनमॅन’ म्हणतात. आपण त्याला रोकड मोजणाऱ्या खिडकीशेजारी उभा असलेला पाहतो. त्याच्या खांद्यावरची बंदूक बहुधा त्याची स्वतःची असते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. सुताराने आपली करवत आणावी, तशी याने आपली बंदूक आणायची. परवान्याचे नूतनीकरण त्याच्या खर्चाने, काडतुसे त्याच्या खर्चाने. आमच्या गनमॅनला बंदुकीचे भाडे म्हणून एजन्सी वेगळा पैसा देत नव्हती. याबद्दल आमची मागणी चालूच होती. ती तशीच राहिली, कारण मध्येच बंदूक गेली.

2021 सालची दिवाळी. कापसाची वेचणी जोरात होती. गनमॅन दोन दिवसांची रजा घेऊन गावी गेला आणि परत आला तो थेट आमच्या कचेरीत. अंगावर गणवेश, पायात बूट नाहीत.

“भाऊ, पेटी हाय, बंदूक नाई.”

कुलूप तुटलेले नव्हते, दार फोडलेले नव्हते. किल्ली चौकटीवर ठेवायची त्याची सवय होती, आणि किल्ली चौकटीवरच होती. आम्ही त्याला बूट घालायला लावले आणि तसेच ठाण्यात नेले. बंदूक हरवली वा चोरीला गेली तर ताबडतोब जवळच्या ठाण्यात कळवायचे, ही परवान्याची अट आहे. ती पाळण्यात एका रात्रीचाही उशीर झाला, तर पुढे त्या रात्रीचा हिशेब मागितला जातो.

हिशेब तरीही मागितला गेलाच. ठाणेदारांनी पहिला प्रश्न विचारला तो चोराबद्दल नव्हता. “किल्ली बाहेर, कुलूप शाबूत, आणि बंदूक तेवढी नाही. किती रुपयांत दिली?” श्रोतेहो, आम्हाला त्या वेळी संताप आला. आज विचार केला तर त्या प्रश्नात गैर काही वाटत नाही. आपल्या जिल्ह्याला मोठे जंगल आहे. पांढरकवडा, झरी-जामणीच्या अंगाला रानडुकराच्या मागे चोरून जाणारे लोक आहेत, आणि त्यांना बिनपरवान्याची बंदूक हवी असते. परवानाधारकाने बंदूक विकायची आणि चोरी झाली म्हणून बोंब मारायची, हा प्रकार कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला नवा नाही. सायकल चोरीला गेली तर मालक फिर्यादी होतो. बंदूक चोरीला गेली की मालक अर्धा फिर्यादी आणि अर्धा आरोपी होतो. या अर्ध्या आरोपातून त्याला बाहेर कसे काढायचे, हाच पुढची तीन वर्षे आमच्यापुढचा प्रश्न होता.

तिसऱ्या दिवशी एजन्सीने त्याला कामावरून काढले. बंदूक नाही तर गनमॅन कसला, एवढे एकच वाक्य. बिनहत्यारी रखवालदार म्हणून ठेवा, असे आम्ही सांगून पाहिले. जागा नाही म्हणाले. आठवड्याने परवानाही निलंबित झाला. कायद्याच्या कलम 17 प्रमाणे तसे करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे, आणि चौकशी संपेपर्यंत तसे करणे स्वाभाविकही होते. पण ज्याचे पोट त्या कागदावर आहे, त्याने स्वाभाविक या शब्दाचे काय करावे?

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्या देशात बंदुकीचा परवाना सरकारने इतका आवळून का धरला, याला इतिहास आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत 1878 साली जो हत्यारांचा कायदा झाला, त्याने हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले. स्वातंत्र्यानंतर 1959 साली नवा कायदा झाला आणि तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. जुन्याइतका तो अविश्वासावर उभा नाही. पण एक गोष्ट दोन्हींत सारखी राहिली. प्रत्येक बंदुकीला नंबर असतो, आणि तो नंबर वहीत असतो.

या नंबराचे महत्त्व पाहायचे असेल तर 1914 सालच्या कलकत्त्याकडे पाहा. रॉडा कंपनी ही हत्यारांची मोठी पेढी. 26 ऑगस्टला तिचा कारकून कस्टममधून 202 खोकी सोडवून आणायला गेला. त्याने 192 पेढीत पोचवली आणि उरलेली 10 घेऊन तो जो गेला तो गेलाच. त्या खोक्यांत 50 माउझर पिस्तुले आणि 46,000 काडतुसे होती. ती क्रांतिकारकांसाठी होती. पुढे रौलट समितीने लिहून ठेवले की त्यांपैकी 31 पिस्तुले बंगालच्या निरनिराळ्या भागांत परत मिळाली, आणि ती ओळखता आली, कारण रॉडा कंपनीने प्रत्येक पिस्तुलाचा नंबर टिपून ठेवला होता. क्रांतिकारकांच्या धाडसाबद्दल आम्हाला आदर आहे. पण संघटनेच्या वह्या लिहिण्यात उमर गेली असल्यामुळे, तो नंबर टिपणाऱ्या दुसऱ्या अनाम कारकुनाचीही आम्हाला आठवण येते. नंबराकडे पुन्हा यायचे आहे.

तर अकराव्या दिवशी ठाण्यातून निरोप आला. एक पोरगा ताब्यात घेतला आहे, या. आम्ही गनमॅनला घेऊन गेलो, आणि बाकावर बसलेला पोरगा पाहून आमचे पाय जड झाले. बाविशीतला, जिनिंगमध्ये रोजंदारीवर. त्याच्या सभासदत्वाची पहिली पावती आम्हीच फाडली होती. तो गनमॅनच्या खोलीवर जेवायला जायचा, त्याला काका म्हणायचा. किल्ली चौकटीवर असते हे त्याला ठाऊक होते, यात नवल नव्हते. तो रडत नव्हता, काही बोलतही नव्हता. गनमॅन त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, “तू?”

ठाणेदार आम्हाला म्हणाले, पोरगा जागा दाखवायला तयार आहे, तुम्ही पंच म्हणून या. दुसरा पंच म्हणून ठाण्यासमोरचा चहावाला आला. आम्ही नाही म्हणू शकलो असतो. पुष्कळ लोक म्हणतात, कारण पंच होणे म्हणजे पुढची चार वर्षे समन्सची वाट पाहणे. आम्ही हो म्हणालो. का म्हणालो ते त्या क्षणी आम्हाला नीट सांगता आले नसते.

ठाण्यात त्याचे निवेदन लिहिले गेले. इथे कायद्याचा एक बारकावा आहे, तो सांगतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. 1872 सालच्या पुरावा कायद्याने ती मुद्दाम बंद केली, कारण ती कशी मिळवली जाते हे इंग्रजालाही माहीत होते. पण कलम 27 ने एक फट ठेवली. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर त्याच्या बोलण्यातला त्या शोधापुरता भाग ग्राह्य. प्रिव्ही कौन्सिलने 1946 साली पुलुकुरी कोटय्याच्या खटल्यात ही मर्यादा स्पष्ट केली. म्हणजे ‘मी बंदूक चोरली’ हे वाक्य गळते, आणि ‘बंदूक पऱ्हाटीत लपवली आहे, काढून देतो’ हे टिकते. नव्या साक्ष अधिनियमातही हीच तरतूद कलम 23 मध्ये ठेवली आहे.

गाडी शहराबाहेर गेली. एका शेताच्या धुऱ्यावर मागच्या सालच्या पऱ्हाट्यांचा मोठा ढीग होता. असे ढीग तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत, सरपणाचे. पोरगा पुढे चालला. ढिगाला वळसा घालून डाव्या अंगाला गेला, वाकला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. पोत्यात गुंडाळलेली बंदूक बाहेर आली. नळी वेगळी, दस्ता वेगळा. अकरा रात्रींचे दव पिऊन लोखंडावर गंज चढला होता. गनमॅनने पुढे हात केला. जमादारांनी तो हळूच बाजूला सारला. आता ती त्याची बंदूक नव्हती, ती मुद्देमाल होती. नंबर वाचला, लिहिला. लाखेचे सील झाले. लेबलावर आमची सही झाली.

त्या संध्याकाळी आमच्या कचेरीत चाळीसेक माणसे जमली. आम्ही तीस वर्षे संघटनेचे काम केले, पण अशी सभा पाहिली नव्हती. पोरगा आपला, गनमॅनही आपला. बहुतेकांचे म्हणणे पडले की बंदूक मिळाली ना, आता मिटवा. मालकाच्या विरुद्ध आपण एक असतो, पोलिसांच्या हाती आपलाच माणूस द्यायचा कसा? पोराने काकाच्या पायावर डोके ठेवावे, आणि पंचांनी कोर्टात “आठवत नाही” म्हणावे. विचित्र म्हणजे गनमॅनही याच मताचा होता.

“मले शिक्षा-गिक्षा काई नोको, भाऊ. माही बंदूक भेटली म्हंजे झालं.”

पोराची आई दारात बसून होती. ती म्हणाली, “भाऊ, तुमी फकस्त कोर्टात बोलू नोका. बाकीचं मी पायतो.”

आमचे मन डळमळले नाही असे सांगितले तर ते खोटे ठरेल. याच जिल्ह्यात 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरले, गवत कापले, आणि तुरुंगात गेले. वणीचा हा माणूस, यवतमाळचा नामांकित वकील. पण सरकारदरबारी ते गवत चोरीचे ठरले. चोर हा शब्द सरकारच्या तोंडी कसा फिरतो हे यवतमाळकराला शिकवावे लागत नाही. आम्ही स्वतः संपाच्या दिवसांत त्या सत्याग्रहाचे दाखले शेकडो वेळा दिले आहेत. त्या रात्री एका तरुणाने तोच दाखला आमच्यावर उलटवला. म्हणाला, “अण्यांवरही चोरीचाच आळ होता ना?”

आम्ही त्याला विचारले, अण्यांनी गवत रात्री कापले होते काय? त्यांनी दिवस सांगितला, जागा सांगितली, विळा उघड हातात घेतला. सरकारचे जंगल, आणि सरकारलाच आव्हान. इथे कोणाचे काय गेले? एका गरीब माणसाची भाकर गेली, आणि ती त्याच्या ताटात जेवलेल्याने नेली. तरुण गप्प बसला. पटले म्हणून बसला की कंटाळून, ते सांगता येत नाही.

मग आम्ही गनमॅनला बाजूला घेऊन खरी अडचण सांगितली. खटला पडला तर तुझ्या नावावर काय राहील? किल्ली बाहेर होती, कुलूप शाबूत होते, बंदूक शेतात सापडली आणि चोर कोणी नाही. मग ती तिथे कोणी नेली? परवाना परत मागायला जाशील तेव्हा हाच प्रश्न तुझ्यापुढे येईल. तुझे नाव पुसायला दुसऱ्या कोणाचे तरी नाव लागते, आणि ते कोर्टानेच लिहायला लागते. शिवाय मिटवण्याचा हक्क तुझ्या हातात नाही. साधी चोरी फिर्यादीला मिटवता येते, पण राहत्या घरातली चोरी, कलम 380, तडजोडीच्या यादीत नाही. हत्यारांच्या कायद्याखालचा गुन्हा तर सरकारविरुद्धचा. मिटवायचे म्हणजे खोटे बोलायचे, एवढाच मार्ग होता.

पोराच्या आईला दुसऱ्या दिवशी आम्ही विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवला. 1987 च्या कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तिला तो मिळाला, तरुण आणि हुशार. सभेतल्या बारा जणांनी पुढच्या महिन्यापासून वर्गणी बंद केली. तो आकडा आमच्या वहीत आहे.

पोरगा चार महिन्यांनी जामिनावर सुटला. बंदूक सुटायला त्याहून जास्त दिवस लागले. ती आधी प्रयोगशाळेत गेली, चालू स्थितीत आहे की नाही ते पाहायला. हत्यारांच्या कायद्याखाली खटला भरण्यापूर्वी कलम 39 प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, तीही आली. दरम्यान आम्ही मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात सांगून ठेवले आहे की मुद्देमाल ठाण्यात वर्षानुवर्षे कुजवू नये. फोटो घ्या, पंचनामा करा, हमी घ्या आणि मालकाला द्या. पण बंदूक द्यायची तर चालू परवाना हवा. परवाना चालू करायचा तर चौकशीचा निकाल हवा. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी कायद्याला धरूनच होते, आणि आमचा माणूस दोघांच्या मध्ये मजुरीला जात होता. शेवटी दोषारोपपत्रात तो फिर्यादी म्हणून लिहिला गेला, त्याची प्रत आम्ही जोडली, निलंबन उठले, आणि मग सुपूर्दनाम्यावर बंदूक मिळाली. एकूण चौदा महिने. अट अशी की विकायची नाही, बदल करायचा नाही, आणि कोर्ट बोलावील तेव्हा हजर करायची.

आमची साक्ष 2023 च्या उन्हाळ्यात झाली. आमच्या आधी चहावाला उभा राहिला आणि फितूर झाला. कोऱ्या कागदावर सही केली म्हणाला. त्याच्यावर आमचा राग नाही. त्याचा ठेला तिथेच आहे आणि पोराचे मित्र तिथेच चहा पितात. मग आमचा पुकारा झाला. आम्हीच रस्ता दाखवून मिळालेल्या वकिलाने आम्हाला दीड तास सोलले.

“फिर्यादीकडून तुम्ही वर्गणी घेता?”

“घेतो.”

“म्हणजे तुम्ही त्याचे हितसंबंधी.”

“आरोपीकडूनही घेत होतो. पावती दोघांना सारखीच आहे.”

“पऱ्हाटीचा ढीग उघड्या शेतात होता. कोणीही तिथे जाऊ शकत होता?”

“जाऊ शकत होता. पण वरून बंदूक दिसत नव्हती. हा सरळ त्याच अंगाला गेला आणि पहिल्याच वेळी हात घातला.”

इथवर ठीक चालले. मग वकिलांनी पंचनामा उचलला. त्यात लिहिलेल्या नंबरात एक आकडा 8 होता, परवान्यावर तो 3 होता. त्यांनी आम्हाला विचारले, तुम्ही जी पाहिली ती ही बंदूक नव्हेच ना? श्रोतेहो, आम्ही चाळीस ठिकाणी भाषणे केली, मालकांशी रात्र रात्र वाटाघाटी केल्या, पण घशाला अशी कोरड पडली नव्हती. दीड वर्षाची सगळी पायपीट एका आकड्यावर येऊन टेकली होती. आम्ही म्हणालो, नंबर जमादारांनी वाचला, आम्ही ऐकला आणि लेबलावर सही केली. आकडा आम्हाला आज पाठ नाही.

न्यायाधीशांनी बंदूक मागवली. गनमॅन बाहेरच होता, ती घेऊन आला. त्याने गंज काढून तिला तेल दिले होते. न्यायाधीशांनी ती खिडकीजवळ नेली, चष्मा वर केला आणि स्वतः आकडा वाचला. तीन. गंजाच्या ठिपक्याने त्या दिवशी तिनाचा आठ झाला होता. सीलबरोबरचे लेबल रेकॉर्डमध्ये होते, त्यावरची सही आम्ही ओळखली. वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला तो सीलच्या लाखेच्या रंगाचा, आणि तो उगाच होता हे त्यांनाही कळत होते.

निकाल 2024 मध्ये लागला. तोवर भारतीय न्याय संहिता येऊन ठेपली होती, पण गुन्हा 1 जुलै 2024 पूर्वीचा असल्यामुळे जुनीच कलमे लागली. चोरी करताना कोणी पाहिले नव्हते. परंतु चोरीनंतर थोड्याच दिवसांत चोरीचा माल ज्याच्या ताब्यातून निघतो, तो एकतर चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारा, असे कोर्ट मानू शकते. आणि किल्लीची माहिती याच पोराला होती. घरातल्या चोरीबद्दल एक वर्ष आणि बिनपरवाना बंदूक बाळगल्याबद्दल दोन वर्षे, दोन्ही एकत्र भोगायची. दोन वर्षे का, तर 2019 च्या दुरुस्तीने या गुन्ह्याची किमान शिक्षा एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. विशेष कारण लिहून कमी करता येते. न्यायाधीशांना तसे कारण दिसले नाही. आम्हाला दिसले असते की काय, हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला आहे. पोराला त्या बंदुकीचे एक पैसाही मिळाले नव्हते. घेणारा ठरला होता, तो आलाच नाही, आणि त्याचे नाव पोराने शेवटपर्यंत सांगितले नाही. खटल्यात तो माणूस कुठेही नाही. ही गोष्ट आम्हाला सलते.

निकालपत्रात एक ओळ आहे. फिर्यादीने फिर्याद तत्काळ दिली आणि त्याच्या सचोटीबद्दल शंका घेण्यास जागा दिसत नाही, अशा अर्थाची. गनमॅनने त्या पानाच्या पाच झेरॉक्स काढल्या. एक एजन्सीला नेऊन दिली. त्यांनी ठेवून घेतली, काम दिले नाही. आता तो कापसाच्या एका गोदामावर काठी घेऊन रखवालदारी करतो, पगार पहिल्यापेक्षा कमी. बंदूक विकावी म्हणतो, पण पोराने अपील केले आहे आणि शिक्षा स्थगित आहे. अपील संपेपर्यंत सुपूर्दनाम्याची अट कायम. तेव्हा ती दुनळी त्याच्या खोलीत लोखंडी कपाटात आहे, आणि किल्ली त्याच्या कमरेला.

बारा सभासदांपैकी सात परत आले. पोरगा आला नाही. त्याची आई दर महिन्याला येते आणि त्याच्या नावाची वर्गणी भरते. आम्ही पावती फाडतो. ती अपिलाची तारीख विचारते, आम्ही वहीत पाहून सांगतो.

घंटा झाली आहे, अध्यक्षमहाराज. आम्ही बसतो.